सोसण्याचा आकडा

पेट्रोल पंपावर माझ्या स्कूटरची पाळी आली, की तिथली मुलगी विचारते, "मॅडम, साधं की प्रीमियम?" माझं उत्तर ठरलेलं आहे, तरी दर वेळी माझी क्षणभर तंद्री लागते. मागचा माणूस हॉर्न वाजवतो. पुण्यातला मागचा माणूस नुसता हॉर्न वाजवून थांबत नाही, "बाई, पेट्रोलच घ्यायचंय ना, की स्थळ बघताय?" असंही विचारतो. मग मी घाईघाईने "साधं" म्हणते. तेवढ्या वेळात मी खडकीला जाऊन आलेली असते. तिथे चिंचेच्या झाडांखाली एक हिरवी फटफटी उभी असते, आणि पेट्रोलच्या वासात खसच्या अत्तराचा वास मिसळलेला असतो.

ती फटफटी अत्तारसाहेबांची. इब्राहिम अत्तार. खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमची आणि त्यांची भिंत एक होती. मी कारखान्याच्या हिशेबखात्यात होते आणि ते दारूच्या चाचणी विभागात. दारू म्हणजे बंदुकीची, हे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला निराळं सांगावं लागे. माझ्या सासूबाईंना तर ते शेवटपर्यंत पटलं नाही. "इतका सज्जन माणूस आणि नोकरी बघा कसली," असं त्या हळहळून म्हणायच्या.

त्यांच्या घराण्याचं अत्तराचं दुकान कसबा पेठेत होतं. ते थोरल्या भावाने सांभाळलं आणि हे कारखान्यात लागले. "दोन भाऊ. एक वासाला गेला, एक आवाजाला," एवढंच ते त्यावर बोलायचे. पण वास त्यांना सुटला नव्हता. रोज सकाळी आंघोळ झाली की कापसाचा एवढासा फाया अत्तरात बुडवून कानाच्या वरच्या वळीत खोचायचा, हा त्यांचा नेम. उन्हाळ्यात खस, पावसाळ्यात मातीचं, थंडीत हिना. मला तर कॅलेंडर बघावंच लागायचं नाही. जिन्यात हिना दरवळला की मी रजया उन्हात टाकायची.

आणि हाच माणूस पेट्रोलही अत्तरासारखंच घ्यायचा. पंपावर नळी टाकीत जायच्या आधी ते एक थेंब हाताच्या मागच्या बाजूला घ्यायचे, फुंकर न घालता उडू द्यायचे आणि मग हुंगायचे. थेंब उडाल्यावर कातडीवर तेलकट वास राहिला, तर त्यात रॉकेल मिसळलं आहे असं समजून ते नमस्कार करून पुढच्या पंपावर जायचे. भांडण कधी नाही. "अत्तर असो की पेट्रोल, पहिला वास सगळ्यांचाच चांगला असतो. उडून गेल्यावर मागे काय राहतं ते बघायचं," असं ते सांगायचे. हे वाक्य ते माणसांबद्दलही वापरायचे, पण फक्त बढती मिळालेल्यांबद्दल.

त्या काळी काही पंपांवर दोन प्रकारचं पेट्रोल मिळे, सत्त्याऐंशी ऑक्टेनचं आणि त्र्याण्णव ऑक्टेनचं. आमच्या हिशेबखात्यातल्या केळकरांनी नवी मोटरसायकल घेतली आणि ते त्र्याण्णवच भरू लागले. त्यांचा मुलगा नुकताच दहावीला बसला होता. "सत्त्याऐंशी? आमच्या घरात नव्वदच्या खाली कोणी आणत नाही," असं ते डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. अत्तारसाहेब समोर बसून पोळीचा तुकडा मोडत होते.

"केळकर, ते मार्क नाहीत. पेट्रोल परीक्षेला बसलेलं नसतं."

"म्हणजे काय, आकडा जास्त तर ताकद जास्त."

"आकडा ताकदीचा नाही. सबुरीचा आहे." मग त्यांनी पोळी खाली ठेवली. पोळी खाली ठेवली म्हणजे विषय त्यांच्या आवडीचा, हे आम्हाला माहीत झालेलं होतं. "इंजिनात पेट्रोलची वाफ दाबतात, तापवतात. ठिणगी पडली की आग एका टोकाकडून शिस्तीत पुढे यायला हवी. ज्या पेट्रोलला सबुरी कमी, ते आपली पाळी यायच्या आधीच भडकतं. रेशनच्या रांगेत घुसणाऱ्या माणसासारखं. मग इंजिन ठोकायला लागतं. जळणं वेगळं आणि फुटणं वेगळं, माझी सगळी नोकरी या दोन शब्दांच्या मध्ये चालली आहे. तर किती दाब सोसून ते गप्प बसतं, त्याचा तो आकडा. आता तुमची गाडी दाबते किती? थोडंसं. तेवढं सत्त्याऐंशीवालं हसत सोसतं. हिना भारी अत्तर आहे म्हणून आपण ते वैशाखात लावाल का?"

केळकरांनी त्र्याण्णव भरणं चालूच ठेवलं. गाडीचं काही का असेना, मुलावर परिणाम होतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला मात्र त्या दिवशी तो सोसण्याचा आकडा फार आवडला. दुपारभर मी हिशेबाच्या कागदांवर मान घालून ओळखीच्या एकेका माणसाला मनातल्या मनात आकडे देत बसले होते. माझ्या नवऱ्याला मी काय दिला ते सांगत नाही. रशीदाभाभींना मात्र शंभराच्या वर द्यावा लागला.

रशीदाभाभी म्हणजे अत्तारसाहेबांच्या पत्नी. माहेर सासवडचं, त्यामुळे बोलणं थेट घाटावरचं. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि नवऱ्याच्या प्रत्येक प्रयोगाकडे उतू चाललेल्या दुधाकडे बघावं तशा शांतपणे बघणाऱ्या. डांबरगोळ्यांची गोष्ट त्यांच्याचमुळे मला कळली. एकदा शहरभर पेट्रोलमध्ये भेसळ चालली होती आणि हिरवी गाडी चढावर ठोकायला लागली होती. पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या विरघळवल्या की त्याचा आकडा वाढतो, असं कोणीतरी अत्तारसाहेबांना सांगितलं. केळकरांना उपदेश करणारा हा माणूस त्या मोहाला मात्र बळी पडला. त्यांनी भाभींच्या ट्रंकेतल्या मूठमूठ डांबरगोळ्या काढून टाकीत सोडल्या. दोन दिवस ती गाडी लग्नातल्या ट्रंकेसारखा वास सोडत क्वार्टर्समधून फिरली. तिसऱ्या दिवशी ऐन होळकर पुलावर बंद पडली आणि तिथून ती ढकलत आणावी लागली.

पुढे महिन्याभराने भाच्याच्या लग्नासाठी भाभींनी ट्रंक उघडली, तर शालूला कसर लागलेली. अत्तारसाहेब दारात अपराध्यासारखे उभे. भाभींनी शालू उजेडात धरला, भोकातून नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गाडीला कसर लागली न्हाई न्हवं? मग झालं." लग्नात त्या तोच शालू नेसल्या. बायकांनी विचारलं तर सांगितलं, "मोटरसायकलीनं खाल्लाय."

दर महिन्यातला एक रविवार ते दोघं त्या गाडीवरून सासवडला जायचे. निघायच्या आधी अत्तारसाहेब खाली वाकून मागे पाय ठेवायचे पायटे स्वतः उघडून द्यायचे. भाभी एका बाजूला पाय घेऊन बसायच्या, पदर खोचायच्या, डावा हात सीटच्या कडीला आणि उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर. मग ती गाडी धकधक करत चिंचांच्या सावलीतून बाहेर पडायची आणि बराच वेळ तो आवाज हवेत राहायचा. मी गॅलरीत चहा घेऊन तो ऐकत बसायची. आवाज संपला कुठे आणि माझ्या मनातच चालू राहिला कुठे, ते मला कधी समजायचं नाही.

एकदा सीताफळांच्या दिवसांत आम्ही दोघंही स्कूटरवरून त्यांच्या मागोमाग सासवडला गेलो. सकाळ कोवळी होती. हडपसर मागे पडलं आणि दिवे घाट लागला. खालचं तळं धुक्यात अर्धं दिसत होतं, अर्धं नव्हतं. आमची स्कूटर कण्हत चढत होती आणि पुढे हिरवी गाडी. तेवढ्यात मला दिसलं, की भाभींचं एक बोट अत्तारसाहेबांच्या खांद्यावर हलकेच आपटलं. टक. लगेच त्यांनी गिअर उतरवला. वळणावर भाभींनी पुरा तळवा टेकवला आणि गाडी डावीकडे सरकली. मागून एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. मग पुन्हा एक बोट, पुन्हा गिअर. असं घाटभर चाललं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, या वयातसुद्धा." तो म्हणाला, "तबला शिकत असतील."

वर चहाच्या टपरीवर मी भाभींना छेडलंच. त्या लाजल्या नाहीत. "ठोकत हुती गाडी," म्हणाल्या. "एक बोट लावलं की ठोकतीया. हात टेकला की मागनं काईतरी येतंया."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"ताटलीत फुटाणे टाकल्यावानी वाजतं. बारीक. कान दिला की येतं." आणि मग टपरीवाल्याशी बोलणाऱ्या नवऱ्याकडे पाहत त्या एकदम गप्प झाल्या. त्या गप्प होण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तो कळला एका संध्याकाळी. तोवर अत्तारसाहेब निवृत्त झाले होते, मीही झाले होते, आणि आम्ही दोन्ही घरांनी बोपोडीत एकाच इमारतीत बिऱ्हाड केलं होतं. अत्तारसाहेबांची एक सवय होती. त्यांना काही विचारलं की ते म्हणायचे, "थांबा, कानात फाया आहे." मग फाया काढायचे, आपल्या तोंडाकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "हां, आता बोला." आम्हाला त्याची गंमत वाटायची. एवढासा कापूस आणि केवढं त्याचं कौतुक, असं आम्ही म्हणायचो. त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागे उभी राहून विचारलं, "साखर आहे का हो वाटीभर?" ते दाराच्या कडीला तेल घालत होते. उत्तर आलं नाही. मी पुन्हा, मोठ्याने विचारलं. ते वळले आणि हसून म्हणाले, "थांबा, कानात फाया आहे." त्यांचा हात कानाकडे गेला. कानात फाया नव्हता. दोन्ही कान मोकळे होते.

त्यांच्या बोटांनाही ते तेव्हाच कळलं. हात तसाच कानाशी थांबला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरात कान पन्नाशीपर्यंतच चालतात, पेंडसेबाई. अब्बांचेही तसेच होते. आपण कोणाला बोलू नका. जावेद गाडी विकायला लावील."

मी बोलले नाही. पण असल्या गोष्टी लपत नाहीत. जावेद त्यांचा एकुलता मुलगा, खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. बापाच्या मागे दोनदा हॉर्न वाजवूनही अत्तारसाहेबांनी वळून पाहिलं नाही, तेव्हा जावेदला जे कळायचं ते कळलं. एका रविवारी तो घरी आला आणि आम्हा शेजाऱ्यांनाही बोलावून घेतलं. मुलगा काही वाईट नव्हता. घाबरला होता.

"अब्बा, तुम्हाला ट्रक ऐकू येत नाही. इंजिन ऐकू येत नाही. तुम्ही गाडी चालवणार कशी? मी कार पाठवतो ना, ड्रायव्हरसकट. सीरियसली सांगतोय."

अत्तारसाहेब त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. एक गाडी जाईल, एवढाच तो प्रश्न नव्हता. अत्तारांचं दुकान भावाकडे गेलं होतं, कारखाना संपला होता, आवाज विझत चालले होते. बायकोला तिच्या माहेरी आपल्या हाताने नेऊन आणणं, एवढं एकच काम त्यांचं असं उरलं होतं.

रशीदाभाभी आतून चहा घेऊन आल्या. कप सगळ्यांपुढे ठेवले आणि मुलाला म्हणाल्या, "तुझ्या अब्बांना ऐकू येत न्हाई, हे मला तुझ्या आधीपासनं म्हाईत हाय. धा-बारा वरसं मीच ऐकतीया. कान माझं, हात ह्यांचं. गाडी एकट्याची कुठं हाय?"

"अम्मी, पण..."

"मी मागं नसंल तर ही गाडी हलणार न्हाई. झालं समाधान?"

जावेदने शेवटी हँडलला दोन्ही बाजूंनी मोठे आरसे बसवून घेतले आणि तेवढ्यावर तडजोड झाली. अत्तारसाहेबांनी आरसे पुसले, त्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "चला, आता दाढी रस्त्यातच करता येईल." सगळे हसले. भाभी हसल्या नाहीत. त्या त्यांच्या खांद्यावरचा धागा काढत होत्या.

ती आणखी काही वर्षं चांगली गेली. पंपांवर नव्या नावांनी भारी पेट्रोल आलं होतं. तिथली मुलं "काका, हे टाका, गाडी पळेल," म्हणायची. अत्तारसाहेब थेंब हुंगून म्हणायचे, "माझी गाडी पळत नाही रे. ती चालते." आणि साधं भरायचे. ठोकलंच तर सांगायला मागे भाभी होत्या. साधं पेट्रोल, वेळेवर उतरवलेला गिअर आणि खांद्यावर एक बोट, एवढ्यावर ती गाडी घाट चढत राहिली.

हिनाच्या दिवसांत रशीदाभाभी गेल्या. दुपारी जेवून पडल्या आणि उठल्या नाहीत. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना सासवडलाच, आईवडिलांच्या शेजारी माती दिली. त्या दिवशी अत्तारसाहेब मुलाच्या कारमध्ये मागे बसून गेले. त्यांच्या कानात फाया नव्हता. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होते, पण बिनवासाचे अत्तारसाहेब त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि मला रडू आवरलं नाही.

जावेद त्यांना खराडीला घेऊन गेला. हिरवी गाडी आमच्या इमारतीखाली कापडाखाली उभी राहिली. भाभी बोलूनच गेल्या होत्या, मी मागे नसेन तर गाडी हलणार नाही. जिन्यातून येता-जाता मी त्या कापडाकडे बघायची आणि आत काहीतरी श्वास घेतंय असं उगाच वाटायचं. विकली जाईल एखाद्या दिवशी, असं मी धरून चालले होते.

सीताफळांचे दिवस पुन्हा आले. एका रविवारी सकाळी मी खाली उतरले, तर कापड घडी करून कठड्यावर ठेवलेलं आणि गाडी जागेवर नाही. जिन्यात वास होता. खसचा. ऋतू त्याचा नव्हता, तरी खसचा.

नाक्यावरच्या पंपावर मला ते सापडले. अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, वजन निम्मं झालेलं. पंपावरच्या माणसाने साध्याची नळी उचलली, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि शेजारच्या भारी पेट्रोलकडे बोट दाखवलं. "हे."

"काका, या जुन्या गाडीला ते कशाला? उगाच."

त्यांनी मला पाहिलं. मी समोर जाऊन, ओठ नीट हलवत विचारलं, "अत्तारसाहेब, वैशाखात हिना?"

ते हसले. फार थोडं. "गाडीला लागत नाही, पेंडसेबाई. गाडी तीच आहे." त्यांनी टाकीवरून हात फिरवला. "पण घाट चढायचा आहे, आणि ठोकायला लागली तर मला सांगणार कोण? हाताला कळतं, पण फार उशिरा कळतं. म्हटलं, आता जास्त सोसणारं घ्यावं."

"जावेदला माहीत आहे?"

"आहे. तो पुढे कार घेऊन जातोय. घाटाच्या पायथ्याशी थांबणार आहे. म्हणाला, मी आरशात बघत राहीन. खूप भांडला आधी. मग त्यानेच किल्ली आणून दिली."

नळी टाकीत जायच्या आधी त्यांनी सवयीने थेंब हाताच्या मागे घेतला, उडू दिला, हुंगला. मग वाकून मागचे पायटे उघडले. ते उघडे पायटे तसेच ठेवून ते गाडीवर बसले आणि किक मारली. गाडीचा आवाज अगदी साफ होता, त्यात एकही फुटाणा नव्हता. ते मी ऐकलं. त्यांना कसं सांगावं ते सुचेना, म्हणून मी नुसती मान हलवली.

समोरचा सिग्नल लाल होता. ते तिथे थांबले, आणि त्यांचा उजवा खांदा किंचित मागे झुकला. सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्याने. अत्तारसाहेब तसेच उभे होते, खांद्यावर तळवा टेकण्याची वाट बघत. मग त्यांनी आरशात पाहिलं, आणि आपले आपण निघाले.